अंदाज चुकला, गुन्हेगार कोण?

आषाढातली गोष्ट. स्मरणिकेच्या कामासाठी आम्ही चार-सहा सभासद मोपा गावात एकाच्या घरी जमलो होतो. आदल्या संध्याकाळी रेड अलर्ट जाहीर झाला होता, शाळांना सुट्टी दिली होती. आणि त्या दिवशी सकाळपासून सड्यावर चक्क ऊन पडले होते. चहा आला तसा विषय निघालाच. एक जण म्हणाले, "या हवामानवाल्यांवर एकदा खटलाच भरायला हवा. सुट्टी दिली की ऊन, आणि पूर आला की म्हणणार अंदाज नव्हता." साळहून आलेले एक काका शांतपणे म्हणाले, "अरे, ऊन पडले म्हणून कोणी बुडत नाही. पाणी घरात शिरते आणि कोणी सांगत नाही, तेव्हा काय ते विचार." मग सगळे आमच्याकडे वळले. "तुम्ही सरकारी माणूस. तुम्हीच सांगा, अंदाज चुकला तर शिक्षा व्हायला हवी की नको?"

त्या दिवशी आम्ही हसून वेळ मारून नेली. आम्ही डिप्लोमा करून राज्य सरकारच्या एका खात्यात लागलो त्याला वीस वर्षे उलटली. पावसाळ्यात रात्रपाळीचा फोन सांभाळण्याचे काम आमच्या वाट्याला अनेकदा आले आहे. तरी या प्रश्नाला आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. घरी येऊन जुने संदर्भ चाळले, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न जगात पूर्वीही विचारला गेला आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात तर तो पोलीस ठाण्यापर्यंत गेला आहे. ते राहिलेले उत्तर म्हणजे हा लेख.

आपल्या पेडणे महालात पुढे काय होणार हे जाणून घ्यायची रीत जुनी आहे. देवीसमोर कौल लावतात. मिरग जवळ आला की पंचांग उघडून नक्षत्राचे वाहन पाहतात. बेडूक असला तर पाऊस चांगला, मेंढा असला तर कपाळाला हात. वाहनाने दगा दिला म्हणून पंचांगकर्त्याला कोर्टात खेचावे, असे आपल्या आजोबांच्या मनातही आले नसेल. कारण तो कौल होता, भरवसा होता. पण तो सरकारी कागद नव्हता.

सरकारी कागद नंतर आला. १८६४ साली कलकत्त्यावर भयानक चक्रीवादळ आदळले. त्यापाठोपाठ १८६६ आणि १८७१ साली पाऊस दगा देऊन गेला आणि दुष्काळ पडला. या संकटांनंतर १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतीय हवामान खाते स्थापन केले. म्हणजे या खात्याचा जन्मच मुळी आपत्तीतून झाला. १९२८ साली त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. त्या दिवसापासून पाऊस, वादळ यांच्या भाकितावर सरकारी शिक्का बसला. आणि ज्यावर सरकारचा शिक्का आहे, त्याचा जाब विचारण्याचा हक्क लोकांना आपोआप मिळतो.

पण हे काम किती निसरडे आहे, हे त्याआधीच इंग्लंडात दिसले होते. रॉबर्ट फिट्झरॉय नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने १८६१ पासून वर्तमानपत्रांत रोजचे हवामान अंदाज द्यायला सुरुवात केली. अंदाज चुकले की लोक त्याची खिल्ली उडवीत. १८६५ साली त्याने आत्महत्या केली. त्यामागे इतर कारणेही होती, पण टीकेचा भार मोठा होता. त्याच्या पश्चात हे रोजचे अंदाज आणि वादळाचे इशारे बंद करण्यात आले. तेव्हा ओरड कोणी केली? किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांनी. त्यांना ठाऊक होते की चुकणारा इशारा हा मुळीच नसलेल्या इशाऱ्यापेक्षा बरा. वादळाचे इशारे मग पुन्हा सुरू करावे लागले.

आता आपल्याकडचे उदाहरण पाहू. जुलै २०१७. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याच्या अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार दिली. पाऊस चांगला होणार या अंदाजावर भरवसा ठेवून त्यांनी जूनमध्ये पेरणी केली होती. मग पावसाने ओढ दिली आणि उगवलेले रोप करपले. बियाणे आणि कीटकनाशके विकणाऱ्या कंपन्यांशी संगनमत करून अंदाज फुगवला, असा त्यांचा आरोप होता. शहरात बसून ही बातमी वाचणाऱ्यांना गंमत वाटली. पण कर्ज काढून बियाणे आणलेल्या माणसाला त्यात गंमत दिसत नाही.

या तक्रारीत खरे किती, हे आकड्यांवरून पाहता येते. त्या वर्षी खात्याने एप्रिलमध्ये देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, जूनमध्ये तो आकडा ९८ टक्के केला. चुकीची मर्यादा चार टक्के धरली होती. हंगाम संपला तेव्हा देशात ९५ टक्के पाऊस झाला. म्हणजे अंदाज कागदावर बरोबर ठरला! तरीही आनंदगावचे पीक गेले, तेही खरेच. कारण देशाच्या सरासरीत आनंदगाव कुठेच नसते. चेरापुंजीला पडलेल्या पावसाने माजलगावची जमीन भिजत नाही. शास्त्रज्ञांचे गणित चुकले नव्हते. त्या गणिताचा अर्थ शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मात्र कोणी घेतली नव्हती. 'हा आकडा तुमच्या तालुक्यासाठी नाही, त्यावर पेरणी ठरवू नका' हे एक वाक्य गावोगाव पोचले असते तर? आमच्या मते त्या तक्रारीतला खरा मुद्दा हा होता. संगनमताच्या आरोपाखाली तो झाकला गेला.

अशा प्रकरणात खटला उभा राहून थेट शिक्षा झाली ती इटलीत. त्या देशाच्या डोंगराळ भागातले लाक्विला नावाचे जुने शहर २००९ च्या हिवाळ्यात अनेक आठवडे छोट्या छोट्या धक्क्यांनी हादरत होते. एका प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने रेडॉन वायू मोजून मोठ्या भूकंपाचे भाकीत केले, म्हणून घबराट पसरवल्याची तक्रार त्याच्यावर झाली. लोकांची चिंता वाढली तेव्हा ३१ मार्चला देशातले नामांकित भूकंपतज्ज्ञ लाक्विलात बैठकीला बसले. बैठकीपूर्वीच नागरी संरक्षण खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगून टाकले की छोटे धक्के बसताहेत म्हणजे जमिनीतली ऊर्जा बाहेर पडते आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मग निवांत वाईन घ्यावी का, असे विचारल्यावर त्याने खुशाल घ्या म्हटले. सहा दिवसांनी, ६ एप्रिलच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास मोठा भूकंप झाला. ३०९ माणसे मेली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने सहा तज्ज्ञ आणि तो अधिकारी अशा सात जणांना प्रत्येकी सहा वर्षांची कैद सुनावली. सरकारी वकिलांनी मागितली होती चार वर्षे! जगभर गहजब झाला. भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंग, अशा बातम्या छापून आल्या. खटला उभा राहिला तेव्हाच पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी इटलीच्या राष्ट्राध्यक्षांना निषेधाचे पत्र पाठवले होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने सहाही तज्ज्ञांना निर्दोष सोडले, अधिकाऱ्याची शिक्षा मात्र दोन वर्षांवर आणून कायम ठेवली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

या खटल्यातली एक बाजू बातम्यांत फारशी आली नाही. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या रीत होती की रात्री धक्का जाणवला की घरातून बाहेर पडायचे, चौकात किंवा गाडीत रात्र काढायची. त्या रात्रीही मोठ्या भूकंपापूर्वी दोन धक्के बसले होते. पण तज्ज्ञांनी काळजी नको म्हटले आहे, या विश्वासावर काही कुटुंबे घरातच झोपली. मृतांच्या नातेवाइकांनी कोर्टात हेच सांगितले. तुम्ही भूकंप का सांगितला नाही, असे त्यांचे म्हणणे नव्हते. आमच्या वाडवडिलांचे शहाणपण तुम्ही काढून घेतलेत आणि त्याच्या जागी खोटा धीर दिलात, हे त्यांचे दुखणे होते.

हे वाचताना आम्हाला किल्लारी आठवली. आपल्यातल्या चाळिशी ओलांडलेल्यांना ती सकाळ चांगलीच आठवत असेल. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली आणि ३० तारखेला पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची माती हलली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात गेला. तोवर तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर खडक, अशी समजूत १९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनेच्या भूकंपाने हलवली होती, पण कोयना धरणाजवळचे प्रकरण म्हणून ते वेगळे धरले गेले.

आणि तरी किल्लारीत काहीच कळले नव्हते असे नाही. आधीच्या वर्षी, म्हणजे १९९२ च्या पावसाळ्यानंतर, त्या परिसरात धक्के बसत होते, लोक घाबरले होते. मग ते थांबले. आजही छोट्या धक्क्यांनंतर मोठा येईलच असे कोणी सांगू शकत नाही. बहुतेक वेळा येतही नाही. भूकंपाची तारीख आणि वेळ सांगण्याचे शास्त्र जगात कुठेच नाही. म्हणून तारीख न सांगितल्याबद्दल कोणाला दोषी धरणे हा अन्याय होईल. पण दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद असलेले घर हादऱ्यात माणसाला गाडते, हे सांगायला भाकिताची गरज नव्हती. कोसळलेल्या घरांनीच माणसे मारली. त्या भागात नंतर जी घरे बांधली, ती भूकंपाचा विचार करून बांधली. नकाशाही बदलला, २००२ मध्ये 'सर्वांत कमी धोक्याचा' तो पहिला पट्टाच रद्द करण्यात आला.

पानशेतची गोष्ट याहून वेगळी आहे. १२ जुलै १९६१ ला अपुरे बांधकाम झालेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि पुण्याचा नदीकाठ धुऊन निघाला. धरण धोक्यात आहे हे आदल्या दिवसापासून दिसत होते. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते धरून ठेवले, म्हणून पाणी मध्यरात्री न येता दिवसा आले आणि हजारो जीव वाचले. पण शहराला वेळेवर का सावध केले नाही, हा प्रश्न पुणेकरांनी कधी सोडला नाही. आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि नंतर न्यायमूर्ती नाईक यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. इथे निसर्गाचे गूढ काही नव्हते. जे डोळ्यांसमोर होते ते लोकांना कळवायचे होते. जाब विचारायचा तो अशाच ठिकाणी.

जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. यादी करणाऱ्याला शिक्षा करावी का? आम्ही म्हणू, आधी पाहा की यादी करताना माणूस त्या डोंगरावर चढला होता का, वाडीतल्या म्हाताऱ्यांशी बोलला होता का. चढून, पाहून, प्रामाणिकपणे चुकला असेल तर ती चूक. कचेरीत बसून जुनीच यादी उतरवली असेल तर तो गुन्हा.

आपल्या देशाचा कायदा याबाबत काय म्हणतो, हे अनेकांना माहीत नसते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. त्याच्या कलम ७४ प्रमाणे येऊ घातलेल्या आपत्तीचा इशारा आपल्या अधिकारात देणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यावर त्या इशाऱ्याबद्दल कायदेशीर कारवाई होऊ शकत नाही. रेड अलर्ट दिला आणि ऊन पडले तर खटला नाही. उलट कलम ५६ प्रमाणे नेमून दिलेले काम करायला नकार देणाऱ्या किंवा ते टाकून जाणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. खोटा इशारा पसरवून घबराट करणाऱ्यालाही कलम ५४ ने शिक्षा आहे. धरणांसाठी २०२१ चा वेगळा कायदा आहे. त्यानुसार धरणाच्या मालकाला आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवावा लागतो. आम्ही वकील नाही. पण वाचताना एक गोष्ट लक्षात आली. कलम ७४ मध्ये संरक्षण आहे ते 'इशाऱ्याला'. 'काही होणार नाही, निवांत झोपा' असे सांगणाऱ्याला ते आहे असे तिथे लिहिलेले नाही. लाक्विलाच्या न्यायालयांनी काही वर्षे घासाघीस करून जी रेषा ओढली, ती आपल्या कायद्यात आधीपासून होती म्हणायची.

पण कायद्याने संरक्षण दिले तरी माणसाच्या मनातली भीती जात नाही. इथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री आमच्याकडे निरोप आला की वरच्या अंगाला पाणी वाढते आहे, सोडावे लागेल. आम्ही नदीकाठच्या एका वाड्यावर रात्री दोन वाजता फोन केले. लोक उठले, गुरे सोडली, म्हाताऱ्या माणसांना उचलून वरच्या देवळात नेले. सकाळपर्यंत नदी काठाच्या आतच राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो तर लोकांनी यथेच्छ सुनावले. "साहेब, पुन्हा रात्री फोन करू नका," असे एका बाईंनी स्पष्ट सांगितले. कचेरीतही हसू झाले.

पुढच्या वर्षी तसाच निरोप आला. या वेळी आम्ही फोन हातात धरून अर्धा तास बसलो. खात्री करू, आणखी एकदा विचारू, असे करत राहिलो. शेवटी फोन केला तेव्हा पाणी कुळागरात शिरले होते. माणसे वाचली, दोन गुरे गेली. कोणी तक्रार केली नाही. पण त्या अर्ध्या तासाचा हिशेब आम्ही अजून देतो आहोत, स्वतःलाच. आम्हाला कोर्टाची भीती नव्हती. लोक हसतील याची भीती होती. तेवढी भीतीही पुरली.

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत तिळारीच्या खोऱ्यात पाणी चढले तेव्हा साळ, इब्रामपूर, चांदेल, हसापूर या गावांनी काय भोगले, ते वाचकांपैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. नदी महाराष्ट्रात उगम पावते आणि गोव्यात समुद्राला मिळते. पाण्याला सीमा नाही. निरोपाला मात्र दोन राज्यांच्या कचेऱ्या ओलांडाव्या लागतात. आपल्यापैकी कित्येकांची कुळे सीमेपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीची. तिकडच्या नातेवाइकाने केलेला एक फोन कधी कधी सरकारी निरोपाआधी पोचतो, हेही आपण अनुभवले आहे. तो फोन करणाऱ्याला खात्री नसते. तरी तो करतो, आणि तेच योग्य करतो.

म्हणून मोपा गावातल्या त्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. अंदाज चुकला म्हणून शिक्षा नको. तशी शिक्षा सुरू झाली तर दोनच गोष्टी घडतील. काही जण तोंड उघडणार नाहीत, आणि बाकीचे स्वतःला वाचवण्यासाठी रोजच रेड अलर्ट देतील. दोन्हीत मरणार नदीकाठचा माणूस. पण जे कळले होते ते सांगितले नाही, जे कळले नव्हते त्याबद्दल खोटा धीर दिला, किंवा जे पाहायला हवे ते पाहिलेच नाही, यांचा जाब जरूर विचारावा. गरज पडल्यास कोर्टातही. माणूस सरकारी आहे म्हणून त्याला सूट नको, शास्त्रज्ञ आहे म्हणूनही नको.

आणि आपल्या बाजूचेही थोडे कर्तव्य आहे. इशारा फुकट गेला तर हसू नये. सड्यावर ऊन पडले त्या दिवशी शाळा बंद राहिली, यात मुलांचे एका दिवसाचे नुकसान झाले, एवढेच. रात्री दोन वाजता उठवणाऱ्या माणसाला सकाळी चहा द्यावा. पुढच्या वेळी त्याचा हात फोनवर अडखळणार नाही.

विसर्जनाच्या रात्री बाप्पाला निरोप देताना किल्लारीच्या त्या गावांची एकदा आठवण करू या. विघ्नहर्ता विघ्न दूर करतोच. ते येते आहे हे वेळेवर सांगण्याचे आणि ऐकण्याचे काम मात्र आपले आहे.

गणपती बाप्पा मोरया!